रूटिंग पावडर: काम करते, पण थापू नका

जास्वंदीच्या फांद्या आधी नुसत्याच मातीत खोचायचो, निम्म्या कुजायच्या, म्हणून ही ०.३ टक्के आयबीएवाली पावडर आणली आणि खरंच महिन्याभरात बऱ्यापैकी मुळं फुटली. आयबीए म्हणजे ऑक्सिनच (झाडाच्या वाढीचं, मुळं फुटवणारं संप्रेरक), झाड स्वतः शेंड्याकडे ऑक्सिन बनवून खाली पाठवतंच, आपण कापलेल्या टोकाला जरा जास्तीचं देतो इतकंच. पण माझ्यासारखं "अजून थोडी" करू नका हां, डोस जास्त झाला की मुळांची लांबी वाढायची उलट थांबते, माझ्या दोन फांद्यांना नुसती गाठ आली आणि बसल्या तशाच. फांदी डबीत बुडवू नका, ओल लागते, थोडी पावडर वेगळी काढा. मनीप्लांटला कशाला हवीये, तो नुसत्या पाण्यातही मुळं सोडतो. डबीवरचं प्रमाण मात्र भिंग घेऊन वाचावं लागलं! चार स्टार.