ईमेलची गाळणी: आठ महिने वापरून काय वाटलं

नागपुरात धंतोलीत माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. पाच माणसं, सहा मेलबॉक्स. जुलैत रोज दीड-दोनशे मेल पडतात आणि त्यातल्या निम्म्यांवर नोटीस, चलान, फॉर्म 16, स्टेटमेंट असंच काहीतरी लिहिलेलं असतं. चोराला आमच्यासाठी वेगळं आमिष शोधावंच लागत नाही.

मागच्या उन्हाळ्यात ‘थकीत मागणी’ नावाच्या मेलमधली लिंक एका मॅडमनी उघडली. झिप उतरली, आत पीडीएफचं चित्र लावलेली ईएक्सई, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्राम. विंडोज फाइलचं आडनाव (शेवटचं डॉट ईएक्सई) मुळातच लपवतं, त्यामुळे दिसायला नोटीसच. कॉम्प्युटर फॉरमॅट करावा लागला आणि शेवटचा बॅकअप होता चार दिवसांपूर्वीचा. तेव्हाच्या मेलवाल्याचं उत्तर: ‘सर, व्हायरस अटॅचमेंटमध्ये नव्हता.’ खरंच नव्हता. लिंकच्या पलीकडे होता!

मग बर्डीवरच्या एका ओळखीच्या भाऊंची सेवा घेतली. आमची मेल आधी त्यांच्या सर्व्हरवर उतरते, तिथे गाळली जाते, मग आमच्याकडे येते. आत व्हायरस शोधणारं क्लॅमएव्ही आणि संशयास्पद मेलला गुण देणारं स्पॅमअसॅसिन ही फुकट मिळणारीच सॉफ्टवेअर आहेत. पैसे लागतात ते बसवायचे आणि सांभाळायचे. भाऊंनी हे स्वतःहून सांगितलं, म्हणून विश्वास बसला. लिंक तपासायला ते यूआरएलहाउसची यादी जोडतात. मालवेअर वाटणाऱ्या पत्त्यांची ही यादी स्वित्झर्लंडचा अब्यूज डॉट सीएच हा प्रकल्प चालवतो. मेलमधला पत्ता यादीत सापडला की मेल अडकवली.

पहिल्याच दिवशी मी परीक्षा घेतली. अँटीव्हायरस तपासायची आयकार (EICAR) नावाची निरुपद्रवी फाइल असते, 68 बाइटची. ती जोडून पाठवली, क्षणात अडकली. मग त्याच फाइलची नुसती लिंक पाठवली. आली ना सरळ आत! भाऊंना फोन केला तर म्हणाले, ‘सर, गाळणी लिंक उघडून पाहत नाही जी, पत्ता यादीशी जुळवते. उघडत बसली तर तुमच्या पासवर्ड बदलायच्या एकदाच चालणाऱ्या लिंका तीच वापरून टाकेल.’ पटलं. पण याचा अर्थ असा की यादीत न आलेला ताजा पत्ता सुटतो. काही जण तर पहाटे साधी लिंक पाठवतात आणि ऑफिसं उघडल्यावर तिच्यामागे फाइल ठेवतात. क्लिकच्या वेळी पुन्हा तपासणाऱ्या सेवा आहेत, पण त्या महाग, आणि ही त्यातली नाही.

चांगल्या मेलही अडकतात. इतवारीतल्या आमच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या डोमेनला एसपीएफची, म्हणजे त्याच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची, नोंदच नव्हती. त्यात मेलमध्ये आखूड केलेली लिंक, विषय सगळा कॅपिटल इंग्रजी अक्षरांत. संशयाचे गुण बेरजेला पाचच्या मर्यादेवर गेले आणि तीन दिवस त्याची खरेदीची बिलं क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अडकलेल्या मेलच्या कोठडीत, वाळत पडली. पासवर्डवाल्या झिपच्या आत गाळणीला दिसत नाही, म्हणून त्या सगळ्याच थांबवायचं ठरलं. भाऊंनी उत्साहात कुलूपबंद पीडीएफही थांबवल्या! आमच्याकडे एआयएस (आयकराचं वार्षिक माहिती विवरण) येतं तेच पॅन आणि जन्मतारखेच्या कुलपात. दुपारपर्यंत ऑफिस उपाशी. दोन्हींची सेटिंग वेगवेगळी असते, हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळलं.

पण खरी गोष्ट वेगळीच. रोज सकाळी नऊला प्रत्येकाला अडकलेल्या मेलची यादी येते आणि प्रत्येक ओळीपुढे ‘सोडा’ असं बटण. एका सकाळी तर्री-पोहे खाताना आमचा ऑपरेटर पोरगा सहज बोलला, ‘सर, आयकरची नोटीस अडकून राह्यली होती जी, म्हणून सोडून देली.’ माझा घास तसाच राहिला. धावत गेलो. लिंकवर माउस नेला, न दाबता. वर दिसत होतं आयकर पोर्टल. खाली कोपऱ्यात भलताच पत्ता, ज्याच्या शेवटी सरकारी जीओव्ही डॉट इन नव्हतंच. गाळणीने काम चोख केलं होतं. आम्हीच तिला चाळणी केलं. पोराला काय बोलणार? नोटीस चुकली तर ओरडणारा मीच.

आता ते बटण फक्त माझ्या खात्यात आहे. भाऊंना सांगितल्यावर दहा मिनिटांत झालं. पहिल्या दिवशीच असं का ठेवलं नाही, ही माझी तक्रार कायम. आयकराच्या नावाने काही अडकलं तर आधी डीआयएन, म्हणजे पत्राचा ओळख क्रमांक, पाहतो. 1 ऑक्टोबर 2019 पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर हा क्रमांक टाकायचा नियम आहे, आणि लॉगिन न करता पोर्टलवर तो तपासता येतो. मेलमधली लिंक वापरायची नाही, पत्ता हाताने टाकायचा. मिनिटभराचं काम; सिव्हिल लाइन्सच्या आयकर भवनाची फेरी वाचते.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला बटणासाठी, एक जुलैत संध्याकाळी सहानंतर फोन न उचलण्यासाठी. नूतनीकरण केलंय, पण सहाच महिन्यांचं. पुढचा जुलै त्याच्या आतच येतो, तेव्हा पाहू फोन उचलतात का.