फ्रोझन चिकनमधलं पाणी: निथळून मोजायचं की प्रयोगशाळेत?

मडगावात केटरिंग करा की कळंगुटला हॉटेल चालवा, चिकनच्या भावाने पाणी किती विकत घेतोय हे कळायलाच हवं. काफ्रियालचे (गोव्याच्या हिरव्या मसाल्यातल्या चिकनचे) तुकडे तव्यावर भाजण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात उकळायला लागले की शंका येते. पण पुरवठादारापुढे शंका चालत नाही, आकडा लागतो.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे निथळ चाचणी. गोठलेलं पाकीट कोरडं पुसून वजन करा, फ्रीजमध्ये वितळू द्या, पाणी निथळून मांस टिपा आणि पुन्हा वजन करा. पाकिटाचं वजन वजा करायला विसरू नका. आधीच्या वजनाच्या किती टक्के घटलं, ती निथळ. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमावलीत हीच चाचणी अख्ख्या कोंबडीवर ४२ अंशांच्या पाण्यात करतात, गाभा ४ अंशांवर येईपर्यंत. हवेने गार केलेल्या कोंबडीला १.५ टक्के निथळ चालते, पाण्यात बुडवून गार केलेल्या कोंबडीला ५.१ टक्के. फ्रीजमध्ये वितळवलेल्या बोनलेसला हे आकडे लावू नका.

मात्र ही चाचणी दोन्ही बाजूंनी फसवते. माल सावकाश गोठला, किंवा वीज जाऊन अर्धवट वितळून पुन्हा गोठला, की बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात आणि पाणी न घातलेलं मांसही भरपूर निथळतं. उलट मीठ-फॉस्फेटचं पाणी टोचलेलं मांस ते पाणी घट्ट धरून ठेवतं आणि निथळ चाचणीत सहज सुटतं.

मॉइश्चर बॅलन्सवर, म्हणजे नमुना तापवून घटलेलं वजन मोजणाऱ्या यंत्रावर, नमुना सुकवला तर काही मिनिटांत एकूण पाण्याची टक्केवारी मिळते. माझ्या मते एवढ्यासाठी ते यंत्र घेऊ नये. १०० ग्रॅम ब्रेस्टमध्ये ७५ ग्रॅम पाणी आणि २३ ग्रॅम प्रथिनं धरा. त्यात १० ग्रॅम पाणी घातलं तर टक्केवारी ७५ वरून जेमतेम ७७.३ होते. मांसातला नैसर्गिक फरक लक्षात घेता यावर कोणाला धरणार?

पाणी भागिले प्रथिनं करून बघा. तेच मांस ३.२६ वरून थेट ३.७० वर जातं. त्याच नियमावलीत कातडी काढलेल्या ब्रेस्टची मर्यादा ३.४० आहे. यासाठी प्रयोगशाळाच हवी: १०३ अंशांवर सुकवून पाणी, केल्डाल पद्धतीने नायट्रोजन, आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रथिनं. टोचलेलं पाणी इथे लपत नाही. मात्र बाहेरून प्रथिनांची पूड मिसळली असेल तर हे गुणोत्तरही फसतं.

म्हणून नवा पुरवठादार ठरवताना प्रयोगशाळेचा खर्च करा, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता पाहून. नंतर दर खेपेला निथळ चाचणी करत राहा, आणि त्याच पुरवठादाराचा आकडा अचानक वाढला तर आधी मालवाहतुकीतलं तापमान विचारा. नमुने एकाच बॅचची काही न उघडलेली पाकिटं असावीत आणि ती बर्फाच्या पेटीतून गोठलेलीच पोचवा. वाटेत वितळली आणि पाकिटातलं पाणी ओतून दिलं गेलं, तर नेमकं तेच मोजायचं राहून जाईल.