नागपुरातला अँथ्रोपोलॉजीचा विकेंड क्लास : पाच महिन्यांचा अनुभव

यूपीएससीला अँथ्रो, म्हणजे मानववंशशास्त्र, ऑप्शनल (निवडीचा विषय) म्हणून घेऊ का आणि क्लास कुठला लावू, हे गेल्या महिन्यात मला चार जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी सिव्हिल इंजिनिअर, यूपीएससीची तयारी करून राहिलो, रामदासपेठेकडे एका छोट्या क्लासला पाच महिने शनिवार-रविवार जायचो, फी बावीस हजार, बॅचमध्ये आम्ही चौदा जण. क्लासचं नाव इथं टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मॅडमना न विचारता तसं करणं मला बरोबर वाटत नाही.

आधी विषयाबद्दल, कारण मला स्वतःला काहीच माहीत नव्हतं. मानववंशशास्त्र म्हणजे आदिवासींचे नाच, पोशाख, दागिने असं काहीतरी असेल असं डोक्यात होतं. पहिल्या दिवशी मॅडम आल्या आणि बोर्डावर व्याख्या न लिहिता विचारलं, सिकलसेल कोणाकोणाला माहीत आहे? विदर्भात हा प्रश्न विचारला की हात वर होतातच. मग दोन तास फक्त रक्ताचा हा आनुवंशिक आजार. आई-बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के असते, पण एकाच बाजूने जीन आला तर तो माणूस जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून बराच वाचतो, हा संबंध अँथनी अॅलिसन नावाच्या संशोधकाने १९५४ मध्ये दाखवला. आणि १९५८ मध्ये फ्रँक लिव्हिंगस्टोन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने पश्चिम आफ्रिकेबद्दल मांडलं की जंगल तोडून शेती सुरू झाली, उघड्यावर पाणी साचायला लागलं, डास वाढले आणि त्यासोबत हा जीनही वाढत गेला. म्हणजे रक्तातली पेशी, डास, शेती आणि कोणाचं लग्न कोणाशी होतं, हे सगळं एकाच प्रश्नात. माझ्या बाजूला बसलेल्या मुलीच्या भावाला सिकलसेल आहे, तिने त्या दोन तासात पेन खाली ठेवला नाही.

विषयाचा पसारा असा आहे. शरीर आणि उत्क्रांती, जुने अवशेष, भाषा, आणि समाज-संस्कृती, असे चार मोठे रस्ते, आणि मॅडम चारही रस्ते आपल्याच भागातून काढतात. उत्क्रांती आली की शेजारच्या मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनाकियांना मिळालेली प्राचीन मानवाची कवटी. भाषा आली की मेळघाटातली कोरकू, जिचं नातं थेट झारखंडच्या संथाली-मुंडारीशी, गोंडी आणि कोलामी या तेलुगूच्या घरातल्या द्राविडी भाषा, आपली मराठी तिसऱ्या कुळातली, आणि बुलढाण्यात जळगाव जामोदकडे बोलली जाणारी निहाली, जिचं जगातल्या कोणत्याच भाषेशी नातं अजून सिद्ध झालेलं नाही. एवढं सगळं एका विदर्भात आहे आणि शाळेत दहा वर्षं काढून हे आपल्याला कोणी सांगितलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

पण हा क्लास मी सुचवतो तो घरी दिलेल्या कामामुळे आणि फिल्डवर नेल्यामुळे. नातेसंबंधांचा भाग शिकवताना मॅडमनी सांगितलं की घरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि वंशावळ काढून आणा. पुरुष असेल तर त्रिकोण, बाई असेल तर गोल, लग्नाला दोन आडव्या रेघा, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. मी आजीजवळ ड्रॉइंग शीट घेऊन बसलो, ती आधी म्हणाली, "काऊन रे, हे काय गोल-गोल काढून राहिला?" आणि मग तीन तास उठलीच नाही. तिचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं हे मला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं, लग्नात बदललं आणि माहेरची माणसं गेल्यावर त्या नावाने हाक मारणारंच कोणी उरलं नाही. मी ते गोलाच्या आत पेन्सिलने लिहिलं तर म्हणाली पेनाने लिही.

बोलता बोलता ती सासूला आत्याबाई म्हणत होती आणि सासऱ्याला मामाजी. मी विचारलं, ते तुझे नात्यातले होते का? तर म्हणाली नाही बाप्पा, गाव पण दूरचं, पण सासूला आत्याबाईच म्हणतात ना. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मॅडमनी पुढचा सगळा तास त्यावरच घेतला. आपल्याकडे बऱ्याच जातींत मामाची मुलगी करायची पद्धत होती, म्हणजे मुलगी लग्न होऊन आत्याच्याच घरी जायची, सासू खरोखर आत्या असायची. नातं गेलं, शब्द राहिला. गोंडांमध्ये बहिणीची मुलगी भावाच्या घरी सून म्हणून आणतात त्याला दूध लौटावा म्हणतात, त्यात सासरा खरोखर मामा. इरावती कर्वेंनी १९५३ च्या त्यांच्या पुस्तकात भारतभरातली ही नाती मांडली आणि महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मधोमध बसतो हे दाखवलं. हे मी आधी नोट्समधून पाठ केलं होतं आणि विसरलो होतो, आता आजीच्या तोंडून ऐकल्यावर विसरणं शक्य नाही.

दुसरी गोष्ट जुनापाणी. काटोल रोडने शहराबाहेर पडलं की तिथं मोठमोठ्या दगडांची जवळपास तीनशे वर्तुळं आहेत, लोहयुगातली, मेलेल्यांसाठी रचलेली. मी त्या रस्त्याने कितीतरी वेळा गेलोय आणि कधी थांबलो नाही. काही दगडांवर बोटाचं टोक बसेल अशा छोट्या खळग्यांच्या ओळी आहेत, सकाळच्या तिरप्या उन्हातच नीट दिसतात. नागपूरजवळच्याच माहूरझरीला अशाच वर्तुळांखाली घोड्यांची हाडं आणि त्यांच्या डोक्यावरचे तांब्याचे दागिने निघालेत. मॅडमनी आम्हाला जुनापाणीला नेलं आणि तिथंच गवतात बसवून विचारलं, घोडा सजवून पुरणारे लोक कसे राहत असतील, त्यांची घरं का सापडत नाहीत एवढी, आणि आम्ही पाऊण तास भांडलो त्यावर. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपूरजवळच्या टाकळघाटची अशीच वर्तुळं बघून परत येताना १८६३ च्या सप्टेंबरमध्ये पुराच्या पाण्यात वाहून गेले. त्यांनी गोंडांबद्दल लिहून ठेवलेले कागद, त्यांच्या पुराणपुरुष लिंगोच्या गाण्यासकट, रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने १८६६ मध्ये छापले. त्या कॉलेजवरून मी रोज जातो.

आता तक्रारी. नोट्स पूर्ण इंग्रजीत, मराठी माध्यमातून पेपर देणाऱ्या आमच्या तीन जणांना स्वतः भाषांतर करावं लागलं, हे अजिबात बरोबर नाही आणि मी ऑफिसमध्ये दोनदा सांगितलं. टेस्ट सिरीजचे पेपर तपासून यायला एकदा पाच आठवडे लागले, तोपर्यंत आपण काय लिहिलं तेच आठवत नाही. जेनेटिक्स शेवटच्या तीन रविवारी कोंबलं. एप्रिलमध्ये कूलर बंद पडला तो आठवडाभर तसाच, आणि नागपूरचा एप्रिल म्हणजे काय ते सांगायला नको.

तरी माझ्याकडून पाचपैकी चार. फक्त ५०० मार्कांचा सिलॅबस पटापट संपवून द्या असं ज्यांना पाहिजे त्यांना हा क्लास हळू वाटेल, त्यांनी दुसरा बघावा. बाकीच्यांनी कुठलाही क्लास लावा, पण फी भरायच्या आधी एवढं विचारा की फिल्डवर नेता का, आणि शिकवणाऱ्याने स्वतः कुठल्या गावात राहून काम केलंय का. आमच्या मॅडम मेळघाटात सलग राहिल्यात, कोरकू बोलतात, तो फरक प्रत्येक तासाला दिसतो.

क्लास न लावता जुनापाणीला जायचं असेल तरी जा. सकाळी सातच्या आत पोचा, पाणी सोबत घ्या, वर्तुळातला दगड उचलू किंवा सरकवू नका. घरी म्हातारं माणूस असेल तर ड्रॉइंग शीट मोठी घ्या, मला तीन जोडाव्या लागल्या.