जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांची वार्षिक वर्गणी: आधी कबरी वाचा, मग पैसे भरा

जुन्या वर्तमानपत्रांच्या एका ऑनलाइन संग्रहाच्या पुढच्या वर्षाच्या वर्गणीचे पैसे कार्डावरून परस्पर वळते झाले, आणि तेही पहिल्या वर्षाच्या सवलतीने नाही, पूर्ण दराने. तक्रार केली तर उत्तर आलं की नूतनीकरण आपोआप होतं, अटींमध्ये तसं लिहिलेलं आहे. आहे खरं, पण सहजी कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी. पैसे परत मिळाले नाहीत, फक्त मुदत थोडी वाढवून दिली. संग्रहाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खालचं बरंचसं कुठल्याही सशुल्क वर्तमानपत्र-संग्रहाला लागू पडेल. पानं किती कोटी, झूम कसा, ॲप कसं, हे त्यांच्या जाहिरातीत आहेच. इथे फक्त एकाच कामाबद्दल: १८५०च्या दशकात ओहायोकडून पूर्व आयोवात आलेली शेतकरी घराणी शोधणं.

आयोवा राज्य झालं १८४६मध्ये. मृत्यूंची सरकारी नोंद सुरू झाली १ जुलै १८८०पासून, आणि पुढची कित्येक वर्षं खेड्यापाड्यातले मृत्यू त्यातून सुटतच होते. म्हणजे पहिल्या पिढीसाठी हाताशी राहतं काय? कबरीचा दगड, साप्ताहिकातला मृत्युलेख, जनगणना आणि जमिनीचे कागद. यातल्या फक्त मृत्युलेखासाठी पैसे मोजावे लागतात, बाकीचं जवळपास सगळं फुकट आहे. हे आधी कळत नाही, म्हणून लोक वर्षाची वर्गणी भरून मोकळे होतात.

आता मुख्य दुखणं, कात्रण. पानावर चौकट ओढली की मृत्युलेख कापून जेपीजी उतरवता येतो. त्या जेपीजीवर वर्तमानपत्राचं नाव नाही, तारीख नाही, पान क्रमांक नाही. फाइलचं नाव म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ. संकेतस्थळावर कात्रणाच्या शेजारी ही माहिती दिसते, उतरवलं की गळून पडते. क्षुल्लक वाटेल, पण या कामात तारीख गेली की कात्रणाची निम्मी किंमत गेली. काउंटीतले, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातले, पेपर आठवड्यातून एकदा निघत. मृत्युलेखात मजकूर असतो तो "गेल्या मंगळवारी सकाळी देवाज्ञा झाली, गुरुवारी अंत्यविधी" एवढाच. अंकाची तारीख नसेल तर मंगळवार कुठला? त्यात आणखी एक भानगड. शेजारच्या काउंटीचा पेपर तोच मजकूर पुढच्या आठवड्यात जसाच्या तसा उचलायचा, "गेल्या मंगळवारी"सकट. दुसऱ्या पेपरावरून हिशेब केला की मृत्यू सात दिवस पुढे सरकतो. दगडावरची तारीख आणि मृत्युलेखावरून काढलेली तारीख यांत नेमका सात दिवसांचा फरक दिसला, तर आधी हा मजकूर उचललेला आहे का ते बघावं, दगड घडवणाऱ्याला दोष नंतर द्यावा.

उपाय असा: चौकटीतलं कात्रण उतरवूच नका, पूर्ण पानाची पीडीएफ घ्या आणि त्याच अंकाचं पहिलं पानही सोबत घ्या. आतल्या पानांची माथ्याची ओळ स्कॅन करताना पुष्कळदा कापली गेलेली असते. फाइलला लगेच नाव द्या: वर्ष-महिना-दिवस, पेपर, गाव, पान, स्तंभ, मयताचं आडनाव. गावाचं नाव हवंच, कारण एकाच नावाचे पेपर ढिगाने होते. इतकी वर्षं धंदा करणाऱ्यांना चित्राच्या तळाशी एक ओळ छापता येत नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

सुरुवातीला माझा राग दोन्हींवर होता, या संग्रहावर आणि फाइंड अ ग्रेव्हवरही. फाइंड अ ग्रेव्ह हे कबरींच्या नोंदींचं संकेतस्थळ १९९५पासून आहे, २०१३मध्ये अँसेस्ट्री या वंशावळीच्या कंपनीने घेतलं, वापरायला फुकट. तिथे कुणीही मयताचं पान उघडू शकतो, त्यामुळे फोटो नसलेल्या पानांवर जन्माची तारीख, आईवडील, लेकरं सगळं सजवलेलं आणि आधार मात्र शून्य. दुसरेपणाची लग्नं ही तिथली ठरलेली चूक. पहिली बायको बाळंतपणात गेली, नवऱ्याने पुन्हा लग्न केलं आणि दुसरी त्याच्याशेजारी पुरली गेली, की सगळी मुलं तिच्याच नावावर जोडलेली. थोरल्याचा जन्म या दुसऱ्या लग्नाच्या आधीचा निघतो का, एवढं बघितलं तरी निम्म्या चुका बाहेर पडतात.

पण काही महिन्यांनी फाइंड अ ग्रेव्हबद्दलचं मत बदललं, ते तिथल्या फोटोच्या विनंतीच्या सोयीमुळे. दफनभूमीजवळ राहणारा कुणी स्वयंसेवक जाऊन फोटो काढून टाकतो, एक पैसा न घेता. मागताना मात्र नेमकं मागावं. नुसता "दगडाचा फोटो" म्हटलं की समोरची बाजू येते. चौकोनी खांबासारख्या स्मारकाच्या चार बाजूंना चार जणांची नावं असू शकतात, म्हणून चारही बाजू, पायथ्याची छोटी दगडं आणि दोन्हीकडचे शेजारी मागा. १८५० ते १८८०च्या काळातला पांढरा संगमरवर पावसाने झिजून गुळगुळीत होतो. त्यावर आरशाने तिरपा उजेड पाडला की अक्षरं वर येतात. दाढीचा फेस, खडू किंवा ब्लीच लावू देऊ नये, दगड खराब होतो. निळसर राखी रंगाचं आणि काल कोरल्यासारखी अक्षरं असलेलं स्मारक दिसलं तर ते दगडाचं नसून जस्ताचं असतं. त्याला "व्हाइट ब्राँझ" म्हणत, टकटक केलं की पोकळ वाजतं.

आयोवापुरती आणखी एक सोय आहे. मंदीच्या काळात, १९३०च्या दशकात, डब्ल्यूपीए या सरकारी रोजगार योजनेतल्या लोकांनी दफनभूम्या फिरून दगड उतरवून घेतले. तेव्हा वाचता येणारे कित्येक दगड आज कोरे झालेत. या याद्या आयए-जेनवेब या स्वयंसेवकांच्या वंशावळ-संकेतस्थळावर फुकट आहेत. कुठलीही उतरवलेली यादी वर्णानुक्रमाने लावलेली असेल तर शेजार हरवतो, तेवढं ध्यानात ठेवा, कारण शेजारची कबर बहुधा सासुरवाडीची किंवा माहेरची असते.

दगडावर पुष्कळदा जन्मतारीख नसते, वय असतं: इतकी वर्षं, इतके महिने, इतके दिवस. यासाठी ८८७०चं सूत्र सगळीकडे फिरतं आणि निम्मे लोक ते चुकीचं वापरतात. मृत्यूची तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग लिहायची, त्यातून वय तसंच सलग लिहून वजा करायचं, मग ८८७० वजा करायचे. उदाहरणार्थ, मृत्यू १४ मार्च १८७१, वय ४३ वर्षं ५ महिने २० दिवस. १८७१०३१४ वजा ४३०५२० म्हणजे १८२७९७९४, त्यातून ८८७० गेले की १८२७०९२४, म्हणजे २४ सप्टेंबर १८२७. हे ८८७० म्हणजे जादू नाही, हातच्याची वजाबाकी आहे. महिन्याला हातचा घेतला तर शंभराऐवजी बाराच मिळायला हवेत, म्हणून ८८००. दिवसाला घेतला तर शंभराऐवजी तीस, म्हणून ७०. फक्त दिवसाला हातचा लागला तर ७०च वजा करायचे, फक्त महिन्याला लागला तर ८८००, कुठेच लागला नाही तर काहीच नाही. मृत्यू २५ नोव्हेंबर १८६८, वय ३१ वर्षं २ महिने १० दिवस असेल तर सरळ वजाबाकीतच १५ सप्टेंबर १८३७ येतं. तिथे डोळे मिटून ८८७० काढलेत तर विसावा महिना येईल.

शिवाय हे सूत्र प्रत्येक महिना तीस दिवसांचा धरतं. वरच्या उदाहरणात मध्ये २८ दिवसांचा फेब्रुवारी येतो, कॅलेंडर समोर ठेवून मागे मोजलं तर २२ सप्टेंबर निघतो. म्हणून बाप्तिस्म्याच्या नोंदीशी दोन-तीन दिवसांचा फरक पडला तर तो वाद घालण्याजोगा नाही.

तारीख हाती आली की मगच पैसे भरून मृत्युलेख शोधायचा. आडनाव टाकून शोधणं सगळ्यात कमी कामाचं. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, अरुंद स्तंभातलं आडनाव ओळीच्या शेवटी तुटलं की दोन तुकडे करतं, "आर" आणि "एन" ही अक्षरं जोडून "एम" वाचतं, "सी" आणि "एल"चं "डी" करतं. मायक्रोफिल्मच पुसट असेल तर विषयच संपला, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! त्यापेक्षा काउंटीचा पेपर निवडा, मृत्यूच्या दिवसापासून तीन आठवड्यांची खिडकी लावा आणि टाउनशिपचं (काउंटीच्या आतल्या छोट्या विभागाचं) नाव, दफनभूमीचं नाव किंवा "जुने वसाहतकरी" या अर्थाचा तिथला ठरीव शब्दप्रयोग टाका. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत घराणं गावावरून सापडतं, तसं इथे ते टाउनशिपवरून सापडतं. तेही जमलं नाही तर तेवढे अंक पान-पान चाळा. आठ पानी साप्ताहिकाचे तीन अंक म्हणजे फार काम नाही, आणि "आभार" म्हणून कुटुंबाने दिलेली छोटी जाहिरात किंवा मृत्युपत्राच्या अंमलबजावणीची नोटीस चाळतानाच दिसते, शोधात नाही. बायकांचा शोध नवऱ्याच्या आद्याक्षरांनी करायचा. त्या काळच्या पेपरात त्यांना स्वतःचं नाव क्वचितच मिळतं.

मृत्युलेख सापडला तरी त्यावर डोळे झाकून विसंबू नये. माहिती बहुधा मुलाने किंवा जावयाने दिलेली असते आणि "१८५४मध्ये आयोवात आले" हे घरात ऐकलेलं असतं. ते १८५६च्या आयोवा राज्य जनगणनेशी ताडून पाहा, त्यात माणूस राज्यात किती वर्षांपासून राहतोय असा रकानाच आहे. सगळ्यात उपयोगी ताळा १९०० आणि १९१०च्या जनगणनेचा: आईला किती मुलं झाली, किती हयात. जनगणनेत नऊ झाली आणि सहा हयात असतील, आणि मृत्युलेखात सहाच नावं असतील, तर तीन लहानग्या कबरी कुठेतरी शोधायच्या उरल्यात. १८९०ची जनगणना बहुतांश नष्ट झालेली असल्याने १८८० आणि १९००च्या मध्ये जन्मून गेलेली मुलं देशाच्या जनगणनेत दिसतच नाहीत, पुष्कळदा दगडावरच सापडतात. अशा वेळी दफनभूमीच्या सेक्स्टनकडचं (देखभाल करणाऱ्याकडचं) किंवा टाउनशिपच्या विश्वस्तांकडचं प्लॉटचं कार्ड मागा. दगड नसलेल्या कबरीही त्यात असू शकतात आणि प्लॉट कुणी विकत घेतला तेही कळतं. आणि माहेरचं आडनाव अडलं असेल तर १९२५ची आयोवा जनगणना उघडा. तिच्यात प्रत्येकाच्या आईचं माहेरचं आडनाव आणि आईवडिलांचं लग्न कुठे झालं तेही विचारलेलं आहे. ही एक जनगणना माझ्या लेखी अर्ध्या वर्गणीच्या मोलाची आहे, आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट आहे.

जमिनीचं थोडक्यात: जीएलओच्या, म्हणजे सरकारी जमीन विकणाऱ्या जुन्या कार्यालयाच्या, संकेतस्थळावर सरकारकडून पहिल्यांदा जमीन घेणाऱ्याचं पेटंट, म्हणजे मालकीचा पहिला दस्त, मिळतं. टाउनशिपमध्ये एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून पश्चिमेला जातात आणि पुढच्या ओळीत उलटे फिरतात, म्हणून ६च्या खाली ७ येतो आणि १च्या खाली १२. अँड्रियासच्या १८७५च्या आयोवा ॲटलासशी जोडून पाहिलं की कुठली दफनभूमी जवळची ते कळतं.

संग्रहाची परीक्षा घ्यायला उत्तर माहीत असलेलं घराणं घ्यावं. 'लिटल हाउस' पुस्तकांची लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर हिचं इंगल्स घराणं सोयीचं आहे. तिचे आईवडील, चार्ल्स ८ जून १९०२ला आणि कॅरोलाइन २० एप्रिल १९२४ला डी स्मेट, साउथ डकोटात वारले, कबरी तिथेच आहेत. पण त्यांचा मुलगा फ्रेडी २७ ऑगस्ट १८७६ला साउथ ट्रॉय, मिनेसोटाजवळ नऊ महिन्यांचा असताना गेला आणि त्याची कबर सापडलेली नाही. जनगणनेसोबतच्या मृत्यूंच्या यादीतही तो येऊ शकत नाही, कारण ती यादी जनगणनेच्या आधीच्या बारा महिन्यांपुरतीच असे. इतक्या खणून काढलेल्या घराण्यात ही गत, तर बाकीच्यांच्या एखाद्या बाळाची कबर न मिळाल्याचं खापर संग्रहावर फोडण्यात अर्थ नाही.

म्हणजे वर्गणी वाईट आहे का? नाही. शोध वेगवान आहे, काउंटीतले काही पेपर मला दुसरीकडे कुठेच दिसले नाहीत. पण वर्षाची घेऊ नका. आधी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिका आणि त्या काउंटीतल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं संकेतस्थळ बघा. आयोवातल्या पुष्कळ ग्रंथालयांनी गावचे पेपर फुकट खुले केलेत. घराणं पुढे इलिनॉयला गेलं असेल तर तिथल्या विद्यापीठाचा संग्रहही फुकट, आणि त्यात ओसीआरच्या चुका वाचकाला स्वतः दुरुस्त करता येतात, जे पैसे घेणाऱ्याने मला दिलं नाही. तरी उरलेल्या मृत्यूंची तारीखवार यादी करून एका महिन्याचे पैसे भरा, त्याच दिवशी ऑटो-रिन्यूअल बंद करा आणि बंद केल्याची ईमेल जपून ठेवा.

घराणं जर्मन किंवा नॉर्वेजियन असेल तर हा महिनाही वाया जाण्याचा धोका आहे. डॅव्हनपोर्टचा डेर डेमोक्राट किंवा डेकोराचा डेकोरा-पोस्टेन अशा पेपरांत मृत्युलेख त्यांच्या भाषेत येत आणि जुन्या गॉथिक वळणाच्या छपाईपुढे ओसीआर हात टेकतं. तिथे इंग्रजी शब्दाने काही मिळणार नाही, आडनावही धड वाचलं जाणार नाही. चर्चची दफनवही आधी मागा, मग तारखेवरून थेट अंक उघडा.