इटारसीला उतरायचं की अंबाल्याला?

“दाजी, डोंगर पाहिजे, जंगल पाहिजे, लेकरांना बोट-बिट पाहिजे. आईला मागं ठेवून जायचं नाही. आठ दिवस आहेत. कुठं जाऊ तेवढं सांगा.”

मेव्हणा सेलूला शिक्षक. घरात तो, बायको, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सहासष्ट वर्षांच्या माझ्या सासूबाई. त्यानं मोबाइलवर बघून बघून दोन नावं काढली होती: मध्य प्रदेशातलं सातपुडा राष्ट्रीय उद्यान, म्हणजे पचमढी आणि मढई, नाहीतर हिमाचलातलं ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान, म्हणजे कुल्लू जिल्ह्यातलं तीर्थन खोरं. सातपुड्याला मी दोनदा गेलोय, तीर्थनला एकदा. त्यामुळं हा प्रश्न माझ्याच गळ्यात पडणार होता.

गंमत म्हणजे दोन्हीकडं जायला आपल्याकडची गाडी एकच. नांदेडहून सकाळी निघणारी सचखंड. परभणी, सेलू, जालना, संभाजीनगर करत ती मनमाड-भुसावळवरून वर जाते. इटारसी रात्री उशिरा येतं. झोपून राहिलात तर दुसऱ्या दिवशी दिल्ली आणि त्याच्या पुढं अंबाला. वाटेत काही स्टेशनांवर शीख भाविक लंगर वाढतात. त्यासाठी आपलं ताट-वाटी सोबत लागतं, हे माहीत नसलेली माणसं ऐनवेळी पाण्याच्या बाटलीचं झाकण पुढं करतात. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी तरीही बांधून घ्याच.

तर प्रश्न एवढाच की उतरायचं कुठं.

इटारसीला उतरलात तर उरलेली रात्र वेटिंग रूममध्ये काढून सकाळी जबलपूरकडची गाडी धरायची, पिपरियाला उतरायचं आणि घाट चढून पचमढी. दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण तिथं. अंबाल्याला उतरलात तर चंदीगड गाठून रात्रीची कुल्लू-मनालीकडं जाणारी बस पकडायची आणि औटचा बोगदा लागण्याआधीच खाली उतरायचं. झोप लागली तर थेट कुल्लूला जाग येते. औटहून बंजारमार्गे तीर्थन खोऱ्यातलं गुशैणी गाव. म्हणजे तिसऱ्या दिवशीची सकाळ, आणि ती सकाळ झोपण्यात जाते. येतानाही हाच हिशेब. आठ दिवसांपैकी सातपुड्यात पाच दिवस धड हातात राहतात. तीर्थनला कागदावर चार, खरे तीन. त्यात ज्यांना घाटात बस लागते त्यांनी मंडीच्या पुढचा रस्ता आठवून निर्णय घ्यावा.

आता मूळ मुद्दा, काय काय करता येतं. इथं लोक यादी मोजतात आणि फसतात. मीही फसलो होतो. पहिल्यांदा पचमढीला गेलो तेव्हा एका एजंटाकडून ‘पाच ॲक्टिव्हिटीं’चं पॅकेज घेतलं. पाचातल्या दोन ‘आज बंद’, एक म्हणजे जिप्सीतून धबधब्याचा फलक दाखवणं, आणि एक म्हणजे फोटो काढायला घोडा. पैसे पूर्ण गेले. तेव्हापासून मी यादी बघत नाही. घरातलं कोण कुठं जाईल आणि संध्याकाळी सगळे परत एका ताटाभोवती येतील का, एवढंच बघतो.

या कसोटीवर सातपुडा फार सोयीचा आहे. मढईला सकाळी देनवा नदी बोटीनं ओलांडायची, पलीकडं जिप्सी उभी असते. सफारी तिथून सुरू. हे पाणी म्हणजे तवा धरणाचा फुगवटा, त्यामुळं बोटीतून, डोंगीतून पक्षी बघत फिरणं हा वेगळा कार्यक्रमच होतो. आणि सातपुड्याची खरी चीज म्हणजे पायी फिरणं. कोअर, म्हणजे गाभ्याच्या जंगलात गाइडसोबत चालू देणारे व्याघ्र प्रकल्प आपल्या देशात फार थोडे. जिप्सीत बसून जे जंगल बघितलं, तेच पायाखाली आलं की वाळलेल्या पानाचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. मात्र वाघासाठी इथं येऊ नका. दिसला तर नशीब. गवा, अस्वल, कान्हाहून आणून सोडलेले बाराशिंगे आणि झाडावर शेकरू ही इथली श्रीमंती. शेकरू आपल्या राज्याचा प्राणी, पण आपल्या मराठवाड्यातल्या लेकरांनी तो पुस्तकातच बघितलेला असतो.

मढईहून पचमढी दोन-अडीच तास. तिथं धूपगड आहे, साधारण १,३५० मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच टोक. उंचीत आपलं कळसूबाई (१,६४६ मीटर) त्याला मागं टाकतं, पण धूपगडाच्या माथ्यापर्यंत जिप्सी जाते, आणि सासूबाई सोबत असताना हे फार मोठं सुख आहे. चालणारे पायवाटेनं चढतील, न चालणारे गाडीनं येतील, सूर्यास्त सगळे मिळून बघतील. चौरागडाला हजारावर पायऱ्या आहेत. भाविक खांद्यावर त्रिशूळ घेऊन त्या चढतात, आणि तुमची चौदा वर्षांची मुलगी दमून बसली की एखादी नऊवारीतली आजी तिच्या शेजारून निघून जाते. धबधबे, जुन्या शैलचित्रांच्या गुहा आणि ब्रिटिश अधिकारी कॅप्टन फोर्सिथच्या काळातला बायसन लॉज (१८६२, आता तिथं संग्रहालय आहे), यातलं जमेल तेवढं बघावं.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांना पचमढी नवीन नाही. महादेव, जटाशंकर, नागद्वार ही नावं त्यांनी आपल्याआधी ऐकलेली आहेत. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीला विदर्भातून लोटच्या लोट जातात. त्यामुळं दुकानदाराशी मराठीत घासाघीस करता येते, हा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

तीर्थनचं गणित अगदी निराळं. हे उद्यान १९८४ साली स्थापन झालं, २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, आणि त्याच्या आत रस्ता नाही. जिप्सी नाही, सफारी नाही, खिडकीतून जंगल बघणं नाही. परवाना काढायचा, गावातला गाइड घ्यायचा आणि गुशैणीच्या बाजूनं नदीकाठानं चालत सुटायचं. पहिला मुक्काम रोल्ला, साधारण दहा किलोमीटर. आपल्याकडं सपाटीवर दहा किलोमीटर म्हणजे दोन तास. तिथं दिवस जातो. देवदार, दगडांवरून फेसाळत येणारं पाणी, रात्री तंबूबाहेर नदीचा आवाज. जुजुराणा नावाचा देखणा रानकोंबडा याच जंगलात आहे. मला दिसला नाही, गाइडला मात्र दिसला असं तो म्हणाला. चालण्याचीच आवड असेल तर सातपुड्याची सगळी यादी या एका दिवसावरून ओवाळून टाकावी.

पण एकालाच चालता येत असेल तर बाकीच्यांनी काय करायचं? उद्यानाबाहेरच्या खोऱ्यात करण्यासारखं आहे. ट्राउट मासे गळानं पकडायला परवाना मिळतो (नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी), छोई धबधब्यापर्यंत छोटी चढण आहे. ३,१२० मीटरवरच्या जलोरी खिंडीत गाडीनं जाता येतं आणि तिथून पाच किलोमीटर जंगलातून चालत सरेओलसर तळं गाठता येतं. तळ्याकाठी बुढी नागिणीचं देऊळ आहे. पाण्यात पडलेलं पान एक पक्षी उचलून नेतो, अशी तिथली समजूत. जलोरीला घाई करू नका. आपण पाचशे-सहाशे मीटरच्या पठारावरची माणसं. मी पहिल्याच दिवशी गाडीनं भर्रकन वर गेलो आणि दिवसभर डोकं धरून बसलो. एक रात्र खाली काढून दुसऱ्या दिवशी जावं.

आता मेव्हण्याच्या यादीतलं राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंग. ‘हिमाचल’ म्हटलं की ही दोन नावं आपोआप येतात, पण ती तीर्थनमध्ये नाहीत. राफ्टिंग बियास नदीवर, भुंतर-कुल्लूच्या बाजूला. जाऊन येऊन दिवस गेलाच समजा. पॅराग्लायडिंगचं नाव काढलं तर जे गाव निघतं ते कांगडा जिल्ह्यातलं बीड बिलिंग. २०१५ साली तिथं पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला होता. “आपण बीडला उडायला जाऊ,” असं सांगून मेव्हण्यानं घरात हशा पिकवला होता, पण तीर्थनहून ते बीड मंडीकडं मागं फिरून भलत्याच दिशेला आहे. आठ दिवसांत दोन्ही बसवलं तर सुट्टी बसमध्येच जाईल.

महिना कोणता, यावर निम्मा निर्णय होतो. मे महिन्यात मढईला ऊन आपल्यासारखंच भाजतं. परभणीचा उन्हाळा सोडून मढईजवळच्या सोहागपूरच्या उन्हाळ्यात जाण्यात अर्थ नाही. पचमढी वर असल्यानं बरी, तरी दुपारी घरातच बसावं लागतं. मेमध्ये तीर्थनला पर्याय नाही, रात्री स्वेटर लागतो. दिवाळीत उलटं. सातपुड्याचं कोअर जंगल पावसाळ्यात तीन महिने बंद असतं आणि १ ऑक्टोबरला उघडतं. दिवाळीत ते हिरवंगार असतं, नदीनाले भरलेले असतात. तीर्थनही तेव्हा सुंदर असतं, हवा स्वच्छ असते, पण रात्रीचा गारठा म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांना कळतो. डिसेंबरनंतर जलोरी बर्फानं बंद होते. जुलै-ऑगस्टचा विचार दोन्हीकडं सोडून द्या; हिमाचलात १५ जुलै ते १५ सप्टेंबर राफ्टिंग-पॅराग्लायडिंगवर बंदीच असते.

खर्चाचा आकडा मी सांगत नाही, दर बदलत राहतात. पण खर्च कसा पडतो ते वेगळं आहे. सातपुड्यात जिप्सी आणि तिचा परवाना यावर मोठा खर्च, आणि गाडीत सहा जण बसतात. पाच माणसांच्या घराला ते परवडतं. सफारीचं ऑनलाइन बुकिंग सुट्टीत लवकर संपतं आणि गेटवर मूळ ओळखपत्र लागतं. तीर्थनला माणशी, दिवसागणिक पैसे जातात: प्रवेश, गाइड, सामान वाहणारा, तंबू, जेवण. दोघं-तिघं दणकट मित्र असतील तर ते स्वस्त पडतं, लेकुरवाळ्या कुटुंबाला नाही. विमा असेल तर त्यात साहसी खेळ वगळलेले नाहीत ना, हे दोन्हीकडं बघून घ्या.

चिखलदऱ्याचं काय, असं कुणी विचारेल. मेळघाटातलं गुगामल राष्ट्रीय उद्यान त्यातल्या त्यात जवळ, गाविलगडही बघण्यासारखा. तीन दिवसांची सुट्टी असती तर मी दुसरं नावच घेतलं नसतं. आठ दिवसांना ते थोडं होतं.

कुठंही जा, महिनाभर आधी पाय तयार करा. देवगिरीचा किल्ला अंधारीतून वरपर्यंत न बसता चढता आला तर पचमढीला अडचण नाही. तीर्थनला जायचं असेल तर गौताळ्यात एक आख्खा दिवस पाठीवर पिशवी घेऊन चाला, अंतूरचा किल्ला करा, आणि दुसऱ्या दिवशी परत चालावंसं वाटतंय का ते बघा. बूट नवे घेऊन थेट डोंगरात नेऊ नका.

मेव्हण्याला मी सांगितलं ते असं: दिवाळीत आईला घेऊन जातोयस, तर इटारसीला उतर. तीन रात्री पचमढी, दोन मढई, आणि मुलीला एक सकाळ जंगलात पायी चालू दे. तिला तेवढ्यानं वेड लागलं, तर तिची दहावी झाल्यावर मे महिन्यात तुम्ही दोघं बापलेकच अंबाल्याला उतरा. मुलगा तेव्हा रुसेल, त्याला रुसू दे.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी सुटतं. परवा त्याचा फोन आला. पहाटे उठून बसला होता म्हणे, तरी दिवाळीची गाडी ती. चौघांची तिकिटं वेटिंगवर आहेत. सासूबाईंचं ज्येष्ठांच्या कोट्यातून वेगळं काढलेलं, खालच्या बर्थचं, तेवढं कन्फर्म झालंय.