वीस मिनिटांचा तास: नातवाच्या शाळेबद्दल थोडं

शाळा चांगली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी कुरकुर बरीच करणार आहे आणि आमच्या सूनबाईंना वाटायला नको की आजींना शाळाच आवडत नाही. नातू तिथे दुसरीत आहे, धाकटी नात पुढच्या वर्षी जायची आहे. मी स्वतः प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे इमारत, गणवेश, माहितीपत्रकावरचे हसरे फोटो याकडे माझं लक्ष जरा कमीच जातं. मी मुलांच्या वह्या बघते आणि बाई वर्गात किती बोलतात ते ऐकते.

ही स्वतंत्र ख्रिश्चन प्राथमिक शाळा आहे. सरकारी अनुदान घेत नाही आणि कुठल्या एका चर्चच्या ताब्यातही नाही. पालकांमधूनच निवडलेलं विश्वस्त मंडळ ती चालवतं. वर्गात कॅथलिक घरची मुलं आहेत, प्रोटेस्टंट घरची आहेत आणि आमच्यासारखी यातल्या कशातच न बसणारीही आहेत. सुरुवात काही कुटुंबांनी मिळून एका चर्चच्या मागच्या खोल्यांत केली होती. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत, आणि शनिवारी सगळं सामान आवरून खोल्या रविवारसाठी मोकळ्या करून द्यायच्या. आता स्वतःची जागा आहे आणि सहावीपर्यंत वर्ग आहेत. ते वर्गही एकदम उघडले नाहीत. सगळ्यात वरची तुकडी पुढे सरकली की तिच्यासाठी त्या वर्षी एक इयत्ता वाढवायची, असं करत करत शाळा वर गेली. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. एका वर्षात सहा इयत्ता उघडणाऱ्या शाळेत सगळेच नवे असतात, आणि मग कुणाला काही विचारावं तर तोही दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

‘ख्रिश्चन शाळा’ म्हटलं की शिकवण्याची एकच एक पद्धत असेल असं मला वाटत नव्हतं, पण त्यात इतके प्रकार असतील याचीही कल्पना नव्हती. काही शाळांत प्रत्येक मूल आपापल्या आडोशाच्या टेबलाशी बसून स्वाध्यायपुस्तिका भरतं, एक संपली की परीक्षा, मग दुसरी. काही शाळा अभिजात पद्धतीच्या: इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्डला जे भाषण केलं, त्यावरून या शाळांनी मध्ययुगीन व्याकरण-तर्क-वक्तृत्व ही त्रयी पुन्हा उचलली. तिथे लहान वयात भरपूर पाठांतर, पुढे वादविवाद, आणि बऱ्याच ठिकाणी लॅटिनही. आमच्या नातवाची शाळा तिसऱ्या वाटेची आहे, शार्लट मेसन यांच्या. या इंग्लंडच्या शिक्षिका, १८४२ ते १९२३ हा त्यांचा काळ. १८९२ साली त्यांनी ॲम्बलसाइडला स्वतःचं अध्यापिका विद्यालय काढलं. प्रशिक्षणाच्या वर्षी आम्हाला कोमेनियस शिकवला होता, फ्रोबेल शिकवला होता. या बाईंचं नावही कुणी घेतलं नव्हतं. कोमेनियस म्हणजे बिशप, ज्याने १६५८ मध्ये मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक काढलं, आणि बालवाडीचा जनक फ्रोबेल हा पाद्रीबुवांचा मुलगा. धर्म आणि शिशुशिक्षण यांची सोबत जुनीच आहे, म्हणून त्या बाजूने मला धक्का वगैरे बसला नाही.

पद्धत अशी. तास वीस मिनिटांचा, लहान वर्गांत काही तर त्याहून छोटे. पुस्तक असं निवडायचं की ते लिहिणाऱ्याला त्या विषयाची खरोखर गोडी असावी. मुलांसाठी पाणी घालून पातळ केलेली पुस्तकं नकोत. बाई उतारा एकदाच वाचणार. दुसऱ्यांदा नाही. मग पुस्तक मिटायचं आणि एका मुलाने जे ऐकलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. प्रश्नोत्तरं नाहीत, रिकाम्या जागा नाहीत, ‘चूक की बरोबर’ नाही.

ऐकायला हे भलतंच सोपं वाटतं. मला आधी वाटलं, एवढ्यासाठी शाळा कशाला, हे तर कुठलीही आजी करते. मग आजी-आजोबांना वर्गात बसायची मुभा असलेल्या दिवशी जाऊन मागच्या बाकावर बसले.

निसर्गाचा तास होता, विषय गांडूळ. बाईंनी पानभर वाचलं असेल. आवाज चढवला नाही, हातवारे नाहीत, मधेच थांबून ‘समजलं का?’ नाही. पुस्तक मिटलं आणि खिडकीजवळच्या एका मुलीचं नाव घेतलं. ती उठली आणि गप्प. मी घड्याळ बघत नव्हते, पण शांतता बरीच लांबली. माझ्या तोंडावर आलं होतं, ‘अगं, डोळ्यांचं काय सांगितलं बाईंनी?’ आमच्या पिढीची कुठलीही बाई हेच म्हणाली असती आणि उत्तराचं पहिलं अक्षरही देऊन मोकळी झाली असती. या बाई नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या, घाई नसल्यासारख्या. मग पोरगी सुरू झाली: त्याला डोळे नसतात, पण उजेड कळतो, म्हणून ते रात्री वर येतं, पान तोंडाने धरून बिळात ओढून नेतं, आणि पाऊस पडला की... इथे ती अडखळली. बाईंनी तरीही मदत केली नाही. ती म्हणाली, ‘पावसाचं मला नीट आठवत नाही,’ आणि बसली. मग दुसऱ्याला विचारलं, ‘हिच्या सांगण्यात तुला काय घालावंसं वाटतं?’ त्याने पावसाचं घातलं, आणि वर पुस्तकात नसलेलं, स्वतः अंगणात पाहिलेलं काहीतरीही घातलं. बाईंनी तेही नुसतं ऐकून घेतलं.

मुलगी ‘मला आठवत नाही’ असं म्हणून शांतपणे खाली बसली, रडली नाही, लाजली नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटलं. नोकरीत मी जी मुलं शिकवली त्यातली निम्मी तरी फळ्यासमोर उभं राहायचं म्हटलं की पोटात दुखायला लागणारी होती.

याचा परिणाम घरी दिसतो. नातवाला काहीही वाचून दाखवलं की तो सांगायला लागतो, न विचारता. मराठी गोष्ट वाचली तर मराठीत सांगतो, आणि शाळेत इंग्रजीत ऐकलेलं घरी मराठीत सांगताना मध्ये शब्द अडला की मला विचारतो. माझ्या मते मराठी टिकवायला याहून चांगला गृहपाठ नाही, आणि शाळेने तो दिलेलासुद्धा नाही. तसा गृहपाठ नसतोच जवळपास. सूनबाईंना याची काळजी वाटते, मला अजिबात नाही.

बाकीचं भराभर सांगते. अक्षर चांगलं आहे. रोज चार-पाच ओळी, पण त्या निर्दोष लिहायच्या, पान भरायचं नाही. शुद्धलेखन करताना उतारा आधी डोळ्यांखालून घालायला देतात, अवघड शब्द नीट पाहून मनात ठसवायला सांगतात, मगच सांगून लिहवून घेतात, त्यामुळे चुकीचा शब्द डोळ्यांपुढे येतच नाही. एका सत्रात एकाच चित्रकाराची चित्रं बघतात. चित्र निरखायचं, पालथं घालायचं आणि आठवून सांगायचं. निसर्गाच्या वहीत स्वतः पाहिलेलंच काढायचं, पुस्तकातलं नाही. नातवाच्या वहीत एकाच झाडाची फांदी ऋतू बदलेल तशी पुन्हा पुन्हा आली आहे आणि चौथ्या चित्रात त्याला कळ्या कुठून फुटतात ते कळलेलं दिसतं. गणित मण्यांनी आणि काड्यांच्या दशकांनी सुरू होतं, तोंडी हिशेब भरपूर. पाढ्यांत मात्र ढिलाई आहे. मी स्पष्ट बोलले. सात आणि आठचे पाढे दुसरीच्या शेवटापर्यंत जिभेवर हवेत, यावर माझं आणि त्या शाळेचं जमणार नाही. ते मी घरी करून घेते.

आता धर्माचं, कारण ओळखीतले सगळे आधी तेच विचारतात. दिवस प्रार्थनेने सुरू होतो. बायबलचा तास रोज असतो, इतर पुस्तकांसारखाच: वाचायचं आणि सांगायचं. स्तोत्रं पाठ करून घेतात. त्यातून सूट मिळत नाही, आणि प्रवेशाच्या वेळीच तसं तोंडावर सांगतात. मला हा सरळपणा आवडला. अशा शाळांचे साधारण दोन प्रकार असतात. एकीत आई-वडिलांपैकी निदान एकाने श्रद्धेच्या निवेदनावर, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा मान्य असल्याच्या लेखी कबुलीवर, सही करावी लागते, दुसरीत कुणाच्याही मुलाला घेतात, पण शिकवायचं ते सोडत नाहीत. ही दुसरी आहे. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी भाबडेपणाने ‘इंग्रजी चांगलं होतं’ म्हणून इथे मूल घालू नये; ते शाळेवरही अन्याय आणि मुलावरही. आमच्या घरी मुलाने दाविदाची गोष्ट सांगितली की आम्ही ऐकतो, त्याच्या प्रश्नांना आम्हाला जे वाटतं ते उत्तर देतो. त्याचा गोंधळ झालेला मला तरी दिसला नाही. मोठ्यांचाच जास्त होतो.

एक गोष्ट मात्र जरूर विचारून घ्या: वरच्या इयत्तांत सजीवांची उत्क्रांती, पृथ्वीचं वय हे कसं शिकवतात. ख्रिश्चन शाळांमध्ये यावर एकमत नाही. काही उत्क्रांती सरळ शिकवतात, काही ती नाकारतात, काही तो विषय पुढच्या शाळेवर सोडतात. इथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला न चिडता, नीट बसवून उत्तर दिलं. उत्तर माझ्या मनासारखं होतं की नाही हा माझा प्रश्न. तुमच्या शाळेत तुम्ही विचारा. तसंच मान्यता कुणाची आहे आणि इथून दुसऱ्या शाळेत जाताना कागद काय मिळतो, हेही. गुणपत्रक नसतं, बाईंनी लिहिलेला लांबलचक अहवाल असतो. वाचायला सुरेख, पण पुढच्या शाळेच्या कारकुनाला त्याचं काय करावं कळत नाही. आणि मुलाला वाचनाची खरी अडचण असेल, वेगळ्या मदतीची गरज असेल, तर छोट्या स्वतंत्र शाळेत ती यंत्रणा तुटपुंजी असते. इथेही आहे. ते लपवत नाहीत.

आता खरी कुरकुर.

शाळेचं नाव झालंय. नातू पहिलीत गेला तेव्हा वर्गात अकरा मुलं होती. आता दुसरीत एकोणीस आहेत. बाक मावतात, हवा खेळती आहे, बाई त्याच आणि तितक्याच शांत. एखाद्या साध्या शाळेत एकोणीस म्हणजे चैन. मी स्वतः याच्या तिप्पट मुलं सांभाळली आहेत. पण माझी पद्धत वेगळी होती. मी फळ्यावर लिहायचे आणि सगळे उतरवून घ्यायचे, तिथे पन्नास असले काय नि साठ असले काय. इथे प्रत्येक मुलाने बोलायचं आहे. वीस मिनिटांतली सात-आठ मिनिटं वाचनात जातात. एका मुलाचं सांगणं, त्याच्या थांबण्यासकट, दोन-तीन मिनिटं घेतं. म्हणजे तासाला चार, फार तर पाच मुलं. दिवसात असे तीन तास धरले तर बारा ते पंधरा पाळ्या. अकरा मुलांत प्रत्येकाची पाळी रोज यायची. एकोणिसांत रोज चार ते सात जण सुटतात, आणि सुटणारे बहुधा तेच असतात ज्यांना सुटायचं असतं.

ही पद्धत सगळी एका धाकावर उभी आहे, गोड धाक म्हणा हवं तर: आता माझं नाव येईल. म्हणून, बाई एकदाच वाचणार म्हटल्यावर, मूल कान देऊन ऐकतं. नाव येण्याची शक्यता कमी झाली की पोरांना ते लगेच कळतं. पोरं संभाव्यतेचं गणित आपल्याआधी शिकतात. गेल्या सत्रापासून नातवाची घरची सांगणी जरा त्रोटक झाली आहेत. ‘आज तुझी पाळी आली?’ विचारलं तर बरेचदा ‘नाही’.

मी हे मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मुलं जोडीने एकमेकांना सांगतात. ते मी पाहिलं आहे. त्यात दोघंही बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. लिहून सांगणं हा उपाय नऊ-दहा वर्षांच्या मुलांना, दुसरीच्या मुलाला ते झेपत नाही आणि मेसनबाईंनीही लहानांना तोंडीच ठेवलं होतं. राहिला तुकडी फोडण्याचा मार्ग. खोली आहे. शिक्षिका नाही, असं त्या म्हणाल्या, आणि इथे माझं त्यांच्याशी पटलं. पदवीवाल्या बाई मिळतील. मूल अडखळलेलं असताना तोंड मिटून उभी राहणारी बाई तयार करायला वर्ष-दोन वर्षं जातात; मला स्वतःला मागच्या बाकावर दहा मिनिटं जमलं नव्हतं. म्हणून त्यांनी आधी सहाय्यक म्हणून घ्यायच्या, वर्षभर वर्गात बसवायच्या आणि मग तुकडी द्यायची, असं ठरवलं आहे. पण मग तोवर प्रवेश थांबवा ना! प्रतीक्षायादीत नाव राहिलं म्हणून पालक रागावतील, फीचा आकडा कमी होईल, हे मला कळतं. स्वतंत्र शाळेचा पगार फीतूनच निघतो, वरून कुणी देत नाही. पण इयत्ता वाढवताना ज्यांनी एवढा धीर धरला त्यांनी बाक वाढवताना का सोडावा?

नातवाला आम्ही काढणार नाही. नातीसाठी अर्ज भरला आहे आणि सोबत एक पत्र जोडलं आहे: पहिलीच्या एका तुकडीत जास्तीत जास्त किती मुलं घेणार, ते लेखी कळवावं. सूनबाईंना वाटलं होतं शाळेला राग येईल. मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला, पुढच्या मंडळाच्या बैठकीत हा विषय घेतला आहे आणि पालकांपैकी कुणी येऊन बोलणार असेल तर चालेल म्हणाल्या. आजी चालते का, एवढंच मी विचारलं. चालते म्हणाल्या.