गावची ओपन जिम: वजन वाढलेल्या पोरापोरींच्या किती कामाची?

शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात किंवा ग्रामपंचायतीसमोर निळ्या-पिवळ्या सहा-सात मशीनचा संच आता विदर्भातल्या बऱ्याच गावांत दिसतो. बारा ते अठरा वर्षांच्या, वजन जास्त असलेल्या मुलामुलींना त्याचा किती उपयोग होतो, एवढंच इथे तपासलं आहे. मत आधीच सांगतो: दोन मशीन उत्तम, बाकीच्यांवर वेळ जातो. धाप लावणारा व्यायाम इथे होत नाही, तो चालूनच करावा लागतो.

सगळ्यात चांगली मशीन म्हणजे पायांनी ढकलायची लेग प्रेस. हिच्यात वजनाच्या चकत्या नसतात. पट्टी ढकलली की आपलंच अंग सीटसकट उचललं जातं. त्यामुळे ८५ किलोच्या पोराला ५० किलोच्या मित्रापेक्षा भार आपोआप जास्त पडतो. मित्राने बारा वेळा ढकललं आणि याने आठच वेळा, तरी काम याचंच जास्त. बाजूला उभं राहून हसणाऱ्या पोट्ट्यांना हे समजावून सांगायलाच हवं, कारण पोरं जिम सोडतात ती पुष्कळदा या हसण्यामुळे.

पाठ टेकवून बसायचं, टाचेने ढकलायचं, गुडघा पार ताठ करायचा नाही आणि परत येताना मनात तीन मोजत हळू यायचं. धाडकन आपटत आलं तर निम्मा व्यायाम वाया जातो आणि खालचा रबरी ठोकळाही फुटतो. आठ-आठच्या दोन फेऱ्या, मध्ये दीड मिनिट विश्रांती, एक दिवसाआड. दोन आठवडे सहज जमलं की तिसरी फेरी धरावी. सीट पुढे-मागे सरकत नाही, ही मोठी उणीव. उंच पोराचे गुडघे फार दुमडत असतील तर त्याने ही मशीन सोडून पारावर किंवा ओट्यावर हात न टेकता बसणं-उठणं करावं, तेवढाच फायदा होतो.

हाताने ढकलायची चेस्ट प्रेसही याच तत्त्वावर चालते, पण हातांना ती जड जाते. सुरुवातीला पाच-सहाच्या वर जाऊ नये. तेवढेही होत नसतील तर महिनाभर भिंतीला हात लावून दंड काढावेत.

गर्दी मात्र असते ती एअर वॉकरवर. पाय झुलतात, बरं वाटतं, पण एकदा झोका लागला की काम लोखंडच करतं. पाय फार फाकवले तर जांघेत लचक भरते. चढण्याआधी पायपट्टी आडवी हलवून पाहा. खुळखुळत असेल तर बेअरिंग गेलेलं आहे, चढू नका. कंबर फिरवायच्या ट्विस्टरने कंबर बारीक होते हा समज खोटा आहे. एकाच जागेची चरबी व्यायामाने उतरत नाही. सायकलच्या मशीनला बहुतेक ठिकाणी जोरच लागत नाही. त्यापेक्षा सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळालेली शाळेची सायकल कितीतरी चांगली.

या वयाला रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती एका दमात नको. सकाळी शेताच्या रस्त्याने २० मिनिटं, संध्याकाळी २०, उरलेली खेळात. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, असा वेग धरावा. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सकाळी सात वाजल्यानंतर उन्हात लोखंडाला हात लावू नये.

एक गोष्ट फार महत्त्वाची. वजनदार मुलगा लंगडत असेल, जांघ किंवा गुडघा दुखतो म्हणत असेल, तर मालिश करत बसू नका. या वयात खुब्याच्या हाडाचं टोक सरकण्याचा धोका असतो आणि दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. चालणं बंद करून त्याच दिवशी हाडाच्या डॉक्टरकडे न्या, एक्स-रे काढा. मानेची कातडी काळी, जाडसर झाली असेल तर तो मळ समजून घासू नका, रक्तातली साखर तपासा.

जिमशेजारच्या टपरीचं काय? २५० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये पाच चमचे साखर असते. त्यावर दोन आलूबोंडे खाल्ले की तासाभराचं चालणं गेलं. त्याऐवजी बिनसाखरेचं ताक, मूठभर फुटाणे किंवा हंगामात सोलून खाल्लेलं संत्रं. जेवणात अर्धं ताट भाजी, पाव ताट ज्वारीची भाकर, पाव ताट घट्ट वरण, चून (पिठलं) किंवा अंडी. रश्शावरची तर्री वाटीत काढून ठेवावी. तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुरतं. उपाशी ठेवणं, डब्यातली पावडर देणं हे वाढत्या वयात नकोच. उंची वाढत असताना वजन आहे तिथेच थांबलं, तरी पुष्कळांना तेवढं पुरतं. तपासायला सुतळी घ्या: उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा. ती पोटाभोवती पुरायला हवी.

ग्रामपंचायतीकडे दोन मागण्या लावून धरा. बेअरिंगला वेळेवर ग्रीस, आणि संध्याकाळी दिवा. मुलींसाठी रोजचा एक तास ठरवून द्या आणि त्या वेळी आशाताई किंवा एखादी शिक्षिका हजर असू द्या, नाहीतर मुली मैदानात पाऊलही टाकत नाहीत.